टाळीचा हात आणि मताचा हात

हर्सूल हे नाव निघाले की मराठवाड्यातील जुन्या कार्यकर्त्याला प्रथम तुरुंग आठवतो. औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, जळगावच्या रस्त्याला लागले की हे गाव लागते. त्याला तलाव आहे, हरसिद्धी देवीचे मंदिर आहे, आणि मध्यवर्ती कारागृहही आहे. २५ जून १९७५ रोजी देशावर आणीबाणी लादली गेली, तेव्हा मराठवाड्यातील विरोधी पक्षांच्या अनेक कार्यकर्त्यांच्या वाट्याला हेच कारागृह आले. सभा घेणे, पत्रक काढणे, प्रश्न विचारणे एवढाच त्यांच्यापैकी बहुतेकांचा गुन्हा होता. आज हर्सूल महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, सभाबंदी नाही, आणि पक्षाच्या अधिवेशनाला जाण्यासाठी तेथून कार्यकर्त्यांच्या गाड्या उघडपणे सुटतात. त्या गाड्यांतून जाणारा उत्साही कार्यकर्ता अधिवेशनात नेमके काय करतो आणि परत येताना काय घेऊन येतो, हा प्रश्न मात्र कोणताही पक्ष स्वतःला विचारत नाही.

या कार्यकर्त्याचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. तो पहाटे उठतो, धुतलेले कपडे घालतो, गळ्यात पट्टा आणि छातीवर बिल्ला लावतो. वाटेत घोषणा देतो, चहाचे पैसे स्वतः देतो, शेजारच्या गावचा कोणी भेटला की त्याला मिठी मारतो. मंडपाच्या दारावर नेत्यांच्या भव्य प्रतिमा असतात. त्यांच्याखाली उभा राहून तो छायाचित्र काढून घेतो. मंडपात त्याची जागा मागे असते, पण मोठ्या पडद्यावर नेत्याचा चेहरा दिसतो म्हणून त्याची तक्रार नसते. स्वागताध्यक्षांचे भाषण होते, हारतुरे होतात, पाहुण्यांचे पाऊण तास चालणारे विचार होतात. जेवणाची वेळ उलटून जाते तेव्हा कोणीतरी घाईघाईने पाच-सात ठराव वाचून दाखवतो. शेतीमालाच्या भावाचा एक, बेकारीचा एक, मराठवाड्याच्या पाण्याचा एक. प्रत्येक ठरावानंतर ध्वनिक्षेपकावरून विचारणा होते आणि टाळ्या पडतात. ‘एकमताने मंजूर’ असे जाहीर होते. कार्यकर्त्यानेही टाळी वाजवलेली असते. संध्याकाळी तो घोषणा देत परततो. दुसऱ्या दिवशी हर्सूलच्या नाक्यावर शेजारी विचारतो, ‘काय ठरले मग?’ तेव्हा त्याला भाषणातील दोन कोट्या सांगता येतात, गर्दी किती होती हे सांगता येते. काय ठरले ते मात्र सांगता येत नाही.

या प्रसंगावर हसणारे लोक पुष्कळ आहेत. शहरी सुशिक्षितांमध्ये तर पक्षाच्या अधिवेशनाला जाणारा माणूस हा एक विनोदाचाच विषय होऊन बसला आहे. भाड्याने आणलेली गर्दी, दोन वेळच्या जेवणासाठी जमलेला जमाव, अशी त्याची हेटाळणी केली जाते. हा उपहास अन्यायकारक आहे, इतकेच नव्हे तर तो प्रतिगामीही आहे. ज्याने आपली मजुरी बुडवून, पदरचे पैसे खर्चून, केवळ विचारावरील निष्ठेने दोनशे मैलांचा प्रवास केला, तो कार्यकर्ता ही पक्षाची खरी मिळकत आहे. निवडणुकीच्या दिवशी मतदानकेंद्राबाहेर उन्हात उभा राहणारा तोच असतो आणि दंगलीच्या रात्री वस्तीत थांबणाराही तोच असतो. दोष त्याच्या उत्साहाचा नाही. त्या उत्साहाला फक्त टाळीचे काम देऊन मताचे काम काढून घेणाऱ्या नेतृत्वाचा तो दोष आहे.

अधिवेशन या संस्थेचा इतिहास ज्यांनी विसरावा अशी नेतृत्वाची इच्छा आहे, त्यांनी तो मुद्दाम आठवला पाहिजे; आणि मराठवाड्याला तर तो दूर शोधायला नको. निजामी राजवटीत राजकीय सभा ही सरकारी परवानगीची गोष्ट होती. ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानाने सभेच्या वाटेवरच चौकी बसवली होती. अशा काळात १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ च्या सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, ती १९४६ पर्यंत उठली नाही. या आठ वर्षांत मराठवाड्यातील राजकीय जागृतीचा संसार महाराष्ट्र परिषदेच्या अधिवेशनांनीच सांभाळला. तेथे जाणाऱ्या माणसाच्या नावाची नोंद पोलीसपाटलाकडे होत असे. तेथे जाणे हीच एक कृती होती, आणि तेथे हात वर करणे ही त्याहून मोठी कृती होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने १९४७ च्या जूनमध्ये भारतीय संघराज्यात सामील होण्याच्या बाजूने जी भूमिका घेतली, ती अधिवेशनात घेतली. आणि म्हणूनच पुढच्या पंधरा महिन्यांत रझाकारांचा अत्याचार सोसणाऱ्या खेड्यापाड्यांतील माणसाला ती स्वतःची भूमिका वाटली. १७ सप्टेंबर १९४८ चा मुक्तिदिन केवळ लष्करी कारवाईचे फळ मानणाऱ्यांनी हा भाग ध्यानात घ्यावा.

अधिवेशन खेड्यात नेण्याचा मानही महाराष्ट्राचाच आहे. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. ग्रामीण भागात भरलेले ते काँग्रेसचे पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावच्या वस्तूंनी नगर सजवले होते. सजावटीची ती आठवण पुष्कळांना आहे. परंतु फैजपूरचे खरे मोल मंडपात नव्हते. मनमाडहून शेतकऱ्यांचा जथा मागण्या घेऊन पायी फैजपूरला आला होता, त्याच वेळी तेथे किसान सभेचेही अधिवेशन झाले, आणि काँग्रेसने खंड, शेतसारा, कर्ज, वेठबिगार यांविषयीचा शेतीविषयक कार्यक्रम तेथे स्वीकारला. काँग्रेसमधील समाजवाद्यांना तो कार्यक्रम पुरेसा वाटला नव्हता, आणि तसे त्यांनी बोलून दाखवले. धुळीने भरलेल्या पायांनी आलेला शेतकरी तेथे प्रेक्षक म्हणून आलेला नव्हता. मागणी त्याची होती आणि उत्तर देण्याची पाळी व्यासपीठाची होती. आज हा संबंध उलटा झाला आहे. आज मागणी व्यासपीठाची असते, ती गर्दीची, आणि गर्दीने ती पुरवायची असते.

समाजवादी चळवळीचा जन्म तुरुंगात झाला आणि तिचे संगोपन अधिवेशनांनी केले, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, अशोक मेहता आदी तरुणांनी जो विचार केला त्यातून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. त्याच नाशिकला १९४८ च्या मार्चमध्ये पक्षाचे अधिवेशन भरले आणि काँग्रेसमधून बाहेर पडण्याचा निर्णय झाला. स्वातंत्र्य मिळून वर्षही झाले नव्हते, गांधीजींच्या हत्येला दोन महिनेही झाले नव्हते, आणि सत्तेची सारी दारे काँग्रेसच्या आत होती. अशा घटकेला सत्तेबाहेर पडण्याचा निर्णय कोणा एका नेत्याने परस्पर घेतला असता तर कार्यकर्ते त्याच्यामागे टिकले नसते. ते टिकले, कारण निर्णय त्यांनी घेतला होता. पुढे १९५२ च्या पराभवानंतर पंचमढी येथे आणि १९५३ साली बैतूल येथे पक्षाने आपल्या मूलभूत भूमिकांचीच उलटतपासणी केली. अशोक मेहतांची मांडणी ज्यांना मान्य नव्हती त्यांनी ती नेत्यांच्या समोर, प्रतिनिधींच्या देखत खोडून काढण्याचा प्रयत्न केला. हरलेला पक्ष आपल्या पराभवाची चिकित्सा उघड्या मांडवात करतो, हे दृश्य आजच्या कोणत्याही पक्षात दिसेल काय?

या परंपरेचा सर्वांत कठीण दिवस नागपूरचा होता. १९५४ साली त्रावणकोर-कोचीन राज्यात पट्टम थाणू पिल्ले यांच्या नेतृत्वाखाली प्रजा समाजवादी पक्षाचे मंत्रिमंडळ होते. ऑगस्टमध्ये दक्षिण त्रावणकोरमधील तमिळभाषक आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात माणसे मेली. समाजवादी पक्षाच्या सरकारने जनतेवर गोळी चालवावी, हे पक्षाचे सरचिटणीस राममनोहर लोहिया यांना असह्य झाले. ते त्या वेळी उत्तर प्रदेशात तुरुंगात होते. तेथून त्यांनी आपल्याच पक्षाच्या मंत्रिमंडळाने राजीनामा द्यावा, अशी मागणी केली. नोव्हेंबरात नागपूरला पक्षाच्या विशेष अधिवेशनात हा प्रश्न प्रतिनिधींपुढे आला. बहुमत लोहियांच्या विरुद्ध गेले. निकाल बरोबर होता की चूक, यावर सत्तर वर्षांनंतरही वाद घालता येईल. नैतिक बाजू लोहियांची होती असे मानणारे तेव्हाही पुष्कळ होते आणि आजही आहेत. परंतु एका छोट्या राज्यातले आपले एकुलते एक सरकार गोळीबारासाठी जावे की राहावे, हा प्रश्न एका राजकीय पक्षाने आपल्या सामान्य प्रतिनिधींपुढे ठेवला, त्यावर भाषणे होऊ दिली आणि मते मोजली. त्यानंतर देशात कितीतरी गोळीबार झाले, कितीतरी पक्षांच्या सरकारांनी केले. आपल्याच सरकारच्या गोळीबाराचा हिशेब असा प्रतिनिधींपुढे मांडण्याचे धैर्य किती पक्षांनी दाखवले?

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो घेणारे केवळ नेतेच नसतात. ‘समाजवादी वाद घालत बसले आणि फुटत राहिले, चर्चेने पक्ष वाढत नाही, पक्ष मोडतो,’ असे सांगितले जाते. नागपूरनंतर वर्षभरात लोहियांचा वेगळा पक्ष निघाला, १९६४ मध्ये एकी झाली आणि १९६५ साली वाराणसीला ती पुन्हा मोडली, हे दाखले पुढे केले जातात. दाखले खरे आहेत. निष्कर्ष खोटा आहे. १९५५ च्या जानेवारीत आवडी येथे काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला, तेव्हा त्याकडे कसे पाहावे यावर प्रजा समाजवादी पक्षात तीव्र मतभेद झाले. मधू लिमये यांनी अशोक मेहतांच्या भूमिकेवर उघड टीका केली. त्या टीकेला उत्तर देण्याऐवजी मुंबईच्या पक्षशाखेने त्यांना निलंबित केले. त्यांची बाजू घेणाऱ्या लोहियांवरही कारवाई झाली. फूट पडली ती त्यानंतर. म्हणजे नागपूरला ज्या पक्षाने चर्चा केली तो चर्चेने मोडला नाही. चर्चा सोडून शिस्तीचा बडगा उचलला तेव्हा तो मोडला. अहंकार होते, व्यक्तिगत कटुता होती, हेही नाकारण्याचे कारण नाही. परंतु अहंकाराला आवर घालण्याचे जे एकमेव साधन पक्षाजवळ होते ते म्हणजे अधिवेशनातील मत. आणि तेच बाजूला ठेवले गेले.

दुसरा दाखला अधिक बोलका आहे. आणीबाणीनंतर १९७७ साली जनता पक्ष स्थापन झाला. समाजवादी पक्षाने स्वतःला त्यात विसर्जित केले. हर्सूलच्या आणि देशभरच्या तुरुंगांतून बाहेर आलेल्या कार्यकर्त्यांनी जिवाचे रान करून तो पक्ष निवडून आणला. लोकशाहीच्या पुनःस्थापनेसाठी जन्मलेल्या त्या पक्षाने स्वतःच्या घरात मात्र संघटनेच्या निवडणुका घेतल्या नाहीत. त्या पुढे ढकलल्या, पुन्हा ढकलल्या, आणि नेमलेल्या समित्यांवर कारभार चालवला. मग १९७९ साली दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न पेटला. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी बांधिलकी ठेवून जनता पक्षात राहता येईल काय, हा त्या पक्षाच्या प्रकृतीचाच प्रश्न होता आणि तो समाजवाद्यांनी, विशेषतः मधू लिमयांनी, लावून धरला होता. हा प्रश्न लाखो सदस्यांनी निवडलेल्या अधिवेशनात सुटायला हवा होता. तसे अधिवेशनच नव्हते. तो खासदारांच्या गटांत सुटला, म्हणजे सुटलाच नाही. सरकार पडले, पक्ष फुटला, आणि तुरुंगात गेलेला कार्यकर्ता वृत्तपत्रातून आपल्या पक्षाचे मरण वाचत बसला. येथे चर्चा फार झाली म्हणून पक्ष मोडला, असे कोणाला म्हणता येईल?

या घटना जुन्या झाल्या असे ज्यांना वाटते, त्यांनी महाराष्ट्राच्या ताज्या इतिहासाकडे पाहावे. १९७१ मध्ये काँग्रेसच्या दोन गटांपैकी खरी काँग्रेस कोणती, हा वाद निवडणूक आयोग आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यापुढे गेला, तेव्हा आमदार-खासदारांबरोबर महासमितीचे सदस्य आणि पक्षाचे प्रतिनिधीही मोजले गेले. संघटनेतील माणसाला तोपर्यंत निदान गणतीत जागा होती. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेनेचे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटाला देताना आयोगाने संघटनेतील बहुमताची कसोटी लावली नाही. पक्षाच्या घटनेत पदाधिकारी खालून निवडून येण्याऐवजी वरून नेमले जाण्याची तरतूद झाली आहे, त्यामुळे त्या संघटनेतील संख्येवर विसंबता येत नाही, असा त्याचा आशय होता. मग मोजणी कोणाची झाली? २०१९ मध्ये निवडून आलेल्या ५५ आमदारांपैकी ४० शिंदे यांच्याकडे होते. तीच मोजणी निर्णायक ठरली. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसच्या बाबतीतही पक्ष आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाकडे गेले, ते विधिमंडळातील बहुमताच्याच आधारावर.

आयोगाच्या निर्णयावर टीका करण्यास भरपूर जागा आहे, आणि ती झालीही. मात्र त्या टीकेच्या आड एक गोष्ट लपवली जाऊ नये. ज्या पक्षांनी वर्षानुवर्षे भव्य मेळावे भरवले, लाखोंची गर्दी जमवली, त्यांच्याजवळ संकटाच्या दिवशी आपल्या सदस्यांचे मत सिद्ध करणारा एक कागद नव्हता. शिवतीर्थावरची गर्दी आयोगाच्या दप्तरी शून्य ठरली, कारण त्या गर्दीला कधी कोणी मत विचारलेच नव्हते. आमदारांना मात्र मत होते. आणि आमदारांच्या मताचे काय होऊ शकते हे सुरत आणि गुवाहाटीच्या हॉटेलांनी २०२२ च्या जूनमध्ये अवघ्या देशाला दाखवले. पक्षाचे सदस्य ज्या दिवशी मोजण्याजोगे राहत नाहीत, त्या दिवसापासून पक्ष आमदारांच्या मालकीचा होतो. आणि जे मालकीचे असते ते विकताही येते.

कायद्याने हे दुखणे बरे होईल, ही आशाही व्यर्थ आहे. १९८८ च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व कायद्यात २९-अ हे कलम आले आणि नोंदणी करणाऱ्या प्रत्येक पक्षाला संविधानाशी आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा लिहून द्यावी लागते. भांडवलदारांच्या देणग्यांवर पोसलेले पक्षही समाजवादाची ही शपथ कागदावर घेतात, यातील विनोद सोडून देऊ. एकदा नोंदलेल्या पक्षाची नोंदणी रद्द करण्याचा सर्वसाधारण अधिकार आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने तर विचित्र स्थिती निर्माण केली आहे. पक्षाचा आदेश मोडणाऱ्या आमदाराचे सदस्यत्व जाऊ शकते. परंतु पक्षाचा आदेश पक्षाने कसा ठरवावा, याविषयी कायदा मौन पाळतो. विधानसभेतील प्रतिनिधी अशा रीतीने पक्षाला बांधला, आणि पक्ष मात्र कोणालाच बांधलेला नाही. ही मोकळीक अधिवेशनाने भरून काढायची असते. ते काम न्यायालय करणार नाही आणि आयोगही करणार नाही.

आता आपल्या घराकडे वळले पाहिजे. मोठ्या पक्षांना व्यक्तिपूजक म्हणून हिणवताना समाजवादी म्हणवणाऱ्या संघटनांनी आपली अधिवेशने तपासावीत. साधेपणा आहे, फलकांचा भपका नाही, जेवणाची पत्रावळ सर्वांना सारखी आहे, हे सारे चांगले आहे. पण मत मोजण्याच्या बाबतीत परिस्थिती कितीशी वेगळी आहे? तेच वयोवृद्ध वक्ते, तोच ठराव मांडणारा आणि तोच अनुमोदक, गेल्या वर्षीच्या ठरावाचे काय झाले याविषयी तेच मौन. महिलांचे सत्र दुपारी, युवकांचे सत्र सर्वांत शेवटी, आणि दलित-आदिवासी कार्यकर्त्याला आभारप्रदर्शन. लोहियांनी मागासांना साठ टक्के वाटा देण्याची घोषणा दिली. तिचा पहिला हिशेब व्यासपीठावरच मांडायला नको काय? गर्दी कमी असणे हा गुण ठरत नाही. लहान सभेतही हुकूमशाही सुखाने नांदू शकते.

काही जण म्हणतील की, निवडणुका तोंडावर असताना, समोर प्रचंड साधनसंपत्तीचा शत्रू उभा असताना, ठरावांच्या दुरुस्त्या करत बसणे ही चैन आहे. याचे उत्तर मराठवाड्यानेच दिले आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नामांतराच्या बाजूने उभे राहणाऱ्या समाजवादी कार्यकर्त्यांना आपल्याच गावात, आपल्याच जातीत, आपल्याच घरात विरोध सोसावा लागला. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंतची ती सोळा वर्षे टाळ्या वाजवणाऱ्यांच्या बळावर निघाली नसती. जो भूमिकेवर वाद घालून, शंका विचारून, प्रसंगी विरुद्ध बोलून शेवटी हात वर करतो, तोच कार्यकर्ता चावडीवर चार जण अंगावर आले असता ती भूमिका सोडत नाही. ज्याने केवळ टाळी वाजवली, तो चावडीवर पोहोचेपर्यंत आपली टाळी विसरलेला असतो. म्हणून चर्चा ही चैन नाही. ती लढाईची तालीम आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट शब्दांत केली पाहिजे, आणि ती कार्यकर्त्यांनीच केली पाहिजे. अधिवेशनापुढे येणाऱ्या प्रत्येक ठरावाचा मसुदा निदान एक महिना आधी प्रत्येक शाखेकडे गेला पाहिजे. शाखेने बैठक घेऊन त्यावर दुरुस्त्या सुचवाव्यात. प्रतिनिधी शाखेने मतदानाने निवडावा, जिल्हाध्यक्षाच्या यादीने नव्हे. अधिवेशनाचा पहिला तास गेल्या वर्षीच्या ठरावांच्या हिशेबाला द्यावा आणि दुसरा तास पैशांच्या हिशेबाला. निम्मा वेळ प्रतिनिधींच्या भाषणांसाठी राखून ठेवावा. तो पाहुण्यांनी खाल्ला तर पाहुण्यांना थांबवावे. मतभेद असेल तेथे हात मोजावेत, आकडे जाहीर करावेत आणि अल्पमताची भूमिका पक्षाच्या पत्रात बहुमताच्या शेजारी छापावी. अधिवेशनाचा खर्च सदस्यांच्या वर्गणीतून व्हावा. १९२० साली नागपूरला काँग्रेसने चार आण्यांचे सदस्यत्व ठरवले आणि सामान्य माणसाला पक्षाचा भागीदार केले. कंत्राटदाराच्या देणगीतून उभारलेल्या मंडपात सदस्य हा पाहुणाच असतो. यात नवे काहीही नाही. पक्षांच्या घटनांमध्ये यातील बरेचसे लिहिलेले आहे. ते अमलात आणण्याची हिंमत तेवढी हवी.

ही हिंमत नेत्यांकडून आपोआप येणार नाही, कारण टाळी ही नेत्याच्या सोयीची असते. ती हर्सूलच्या कार्यकर्त्यालाच दाखवावी लागेल. त्याच्याजवळ प्रश्नांची वाण नाही. एप्रिल २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपल्यानंतर कित्येक वर्षे शहर प्रशासकाच्या हाती राहिले. नगरसेवक नाही, सभागृह नाही, आणि उशाला तलाव असूनही नळाच्या पाण्याची दिवसांमागून दिवस वाट पाहायची, असा तो काळ होता. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विकास मंडळाची मुदतही त्याच एप्रिलमध्ये संपली. अशा वेळी सामान्य माणसाला आपला प्रश्न मांडण्यासाठी एकच सभागृह उरले होते, ते म्हणजे त्याच्या पक्षाचे अधिवेशन. तेथे तो गेला, आणि टाळी वाजवून परत आला असेल, तर त्याची तहान कोणी नेली याचा शोध त्याने दूर घेऊ नये.

पुढच्या अधिवेशनाला त्याने जरूर जावे. तितक्याच उत्साहाने जावे. पट्टा घालावा, बिल्ला लावावा, घोषणाही द्याव्यात. मात्र खिशात शाखेने मंजूर केलेली एक दुरुस्ती न्यावी. ठराव वाचला जाऊन टाळ्यांची वाट पाहिली जाईल तेव्हा त्याने उभे राहावे आणि आपली दुरुस्ती मांडू देण्याची मागणी करावी. त्याला खाली बसवण्याचा प्रयत्न होईल. वेळ नाही असे सांगितले जाईल. शेजारचे लोक सदरा ओढतील. तरीही त्याने उभे राहावे. निजामाच्या परवानगीवाचून ज्यांच्या आजोबांना सभा घेता येत नव्हती, आणि सभा घेतली म्हणून ज्यांच्या वडिलांच्या पिढीने हर्सूलच्या भिंतींआड दिवस काढले, त्यांनी आपल्याच पक्षाच्या मंडपात बोलण्यासाठी कोणाची परवानगी मागावी? दुरुस्ती फेटाळली गेली तरी हरकत नाही. मते मोजली गेली असतील, तर दुसऱ्या दिवशी नाक्यावर शेजाऱ्याने ‘काय ठरले?’ असे विचारल्यावर त्याला सांगण्यासारखे उत्तर त्याच्याजवळ असेल.